महावितरणचं अ‍ॅप: दुकानदारांनी फोनमध्ये ठेवावंच

"बिल अपडेट नाही, रात्री साडेनऊला लाइट कट होणार", हा ठगांचा फोन झेरॉक्सवाल्यापासून आइस्क्रीमवाल्यापर्यंत सगळ्यांना येतो, आणि फ्रीजर मालानं भरलेला असला की माणूस घाबरतोच ना. तिथं हे अ‍ॅप कामाला येतं, ग्राहक क्रमांक टाकून ठेवा, बिल भरलंय की नाही लगेच दिसतं, समोरच्याशी हुज्जत घालायचं कामच नाही. आणि थकबाकी असली तरी वीज कायदा २००३, कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस लागते, एका रात्रीत कोण कापतंय! अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके (अ‍ॅप बसवायची) फाइल अजिबात उघडू नका. फोन यायचे काही याने थांबत नाहीत, त्यासाठी सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'वर रिपोर्ट करा, पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. गल्ल्यावरच्या पोरालापण दाखवून ठेवा, मालक जेवायला गेला की फोन तोच उचलतो.