संभाजीनगरला ॲम्निओ केली, सेंटरचा अनुभव (4/5)

ॲम्निओ म्हणजे पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढून तपासतात ती टेस्ट. आम्ही अंबडकडचे. डबल मार्करमध्ये (गरोदरपणातली रक्ताची तपासणी) 1:140 आलं, लॅबने लाल अक्षरात हाय रिस्क छापून हातात दिलं आणि कुणी काही समजावलंच नाही. म्हणून संभाजीनगरला फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या, डॉक्टर मॅडमकडे गेलो.

चार स्टार मॅडमच्या बोलण्याचे. आत्याबाई सोबत होत्या, त्यांचं एकच, सुई पोटात घातली की लेकरू जातं. मॅडमनी त्यांनाच समोर बसवलं आणि सांगितलं की 1:140 म्हणजे अशा 140 बायांपैकी एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्याने होणारा जन्मजात दोष), बाकी 139 जणींच्या नाही. आणि टेस्टमुळे शंभरात एक गर्भपात होतो हा आकडा 1986 च्या डेन्मार्कच्या अभ्यासापासूनचा, सुई सोनोग्राफीत बघत बघतच घालतात, नवीन अभ्यासांत टेस्टमुळे वाढणारा धोका हजारात 1 ते 3 च्या आसपास निघतो, कारण काही गर्भपात टेस्ट न करताही होणारच असतात, ते वेगळे काढावे लागतात. पण शून्य नाही, हे पण त्यांनी स्पष्टच सांगितलं, आणि मला तेच सगळ्यात पटलं. एनआयपीटीचा पर्याय पण दिला, त्यात नुसतं आईचं रक्त घेतात, बाळाला धोका नाही, पण ती स्क्रीनिंगच, म्हणजे पक्कं निदान नाही, पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी ॲम्निओ करावीच लागते. आम्हाला पक्कं उत्तर पाहिजे होतं. 15 आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबवलं, कारण त्याआधी केली तर गर्भपाताचा धोका वाढतो आणि बाळाचे पाय वाकडे होण्याचाही.

फॉर्म जी (टेस्टच्या संमतीचा) मराठीत होता, वाचून दाखवला मगच सही घेतली. मुलगा मुलगी सांगणार नाही हे आधीच सांगितलं, कायदाच आहे तसा, लई बरं. सुईचं दुखणं थोडंच, पोट आवळल्यासारखं झालं, बस. रक्त, पाणी गेलं किंवा ताप आला तर लगेच फोन करा म्हणाले, तसलं काही झालं नाही.

एक स्टार रिसेप्शनसाठी कापला. घाईचा रिपोर्ट काही दिवसांत नॉर्मल आला, पण पूर्ण कॅरिओटाइपला (सगळ्या गुणसूत्रांची तपासणी) पेशी वाढवाव्या लागतात म्हणून दोन-तीन आठवडे जातात हे तिथल्या पोरीने सांगितलंच नाही, आम्ही रोज फोन करत राहिलो आणि घरात कुणाला नीट जेवण गेलं नाही. हे एका कागदावर लिहून द्यायला काय जातं?

रक्तगट निगेटिव्ह असेल तर आधीच सांगा, टेस्टनंतर अँटी-डीचं इंजेक्शन (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या अंगात अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून) लागू शकतं. नंबर लागायला वेळ लागतो, डबा सोबत न्या.