त्रेपन्न हजार शंभर रुपयांचा डिजिटल मार्केटिंगचा क्लास : पाचपैकी तीन

मागच्या आठवड्यात क्लासमधून मेसेज आला. ‘मॅडम, पाच स्टारचा रिव्ह्यू टाका, स्क्रीनशॉट पाठवा, ब्लूटूथ स्पीकर घरपोच.’ बक्षीस देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमात बसत नाही, आणि हे ऑनलाइन जाहिरात शिकवणाऱ्यांना माहीत नसावं म्हणजे कमाल आहे. असो. स्पीकर नको. रिव्ह्यू मात्र मागितलाच आहे, तर नीट लिहिते. क्लासचं नाव लिहीत नाही. पुण्यातला आहे, शनिवार-रविवारची बॅच, चार महिने. फी ४५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३,१००.

मी सांगलीची. गणपती पेठेत आमच्या अण्णांचं वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिराती घ्यायचं काउंटर होतं. पाहिजेत, भाड्याने देणे, नावात बदल, हरवले आहे. कॉलेजपासून मी तिथे बसले. पुढे लोक यायचे कमी झाले आणि एके दिवशी लक्षात आलं की जी माणसं ‘प्लंबर पाहिजे’ छापायला आमच्याकडे यायची, ती आता मोबाइलवर तेच विचारतायत. म्हणून वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, क्लास लावला. शुक्रवारी रात्रीची एसटी, स्वारगेट, मामेबहिणीकडे अंथरूण, दोन दिवस क्लास, रविवारी रात्री परत. बॅचमध्ये बावीस जण, सगळ्यांची मिळून मी मावशी. भडंगाचा डबा नेला की तेवढ्यापुरती ताई व्हायचे. आता छोट्या धंदेवाल्यांच्या गूगलवरच्या जाहिराती मी चालवते.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरोखर चांगलं होतं. शिकवणारे सर सत्तावीस वर्षांचे, आधी एजन्सीत काम केलेले. गूगल जाहिरातीच्या जागेचा लिलाव कसा करतं हे त्यांनी समजावलं तो दिवस मी विसरणार नाही. सांगलीत वाढलेल्या माणसाला सौदा म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. मार्केट यार्डात हळदीला जो जास्त भाव देईल त्याची पोती. गूगलच्या सर्चमध्ये तसं नाही, हे माझ्या डोक्यात जाईना. सरांनी फळ्यावर दोन दुकानदार काढले. एकाची बोली एका क्लिकला ४० रुपये, पण जाहिरातीचा दर्जा दहापैकी ४. दुसऱ्याची बोली २५, दर्जा ८. गुणाकार केला : पहिल्याचे १६०, दुसऱ्याचे २००. कमी बोलीचा माणूस वर. आणि तो २५ सुद्धा देत नाही, खालच्याला मागे टाकायला लागतील तेवढेच देतो : १६० भागिले ८, म्हणजे २० रुपये आणि वर चिल्लर. आज गूगलचं गणित याहून पुष्कळ गुंतागुंतीचं आहे, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. पण मुळातली गोम कळली. लोक क्लिक करतील अशी शक्यता किती, जाहिरात विचारलेल्या गोष्टीशी जुळते का, आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान धड आहे का, या तीन गोष्टींवर तो दर्जा ठरतो. चांगली जाहिरात लिहिणाऱ्याला भाव कमी पडतो, हे ऐकून मला अण्णांची आठवण झाली.

दुसरी उपयोगाची गोष्ट म्हणजे लोकेशनची सेटिंग. सांगली निवडलं तरी गूगल आपणहून ‘सांगलीत असलेले किंवा सांगलीत रस दाखवणारे’ असं धरतं. म्हणजे पुण्यात बसून सांगलीचं काहीबाही शोधणाऱ्यालाही जाहिरात दिसू शकते. सांगलीत पाण्याच्या टाक्या धुणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकाला त्याचा काय उपयोग? सरांनी ती सेटिंग ‘तिथे असलेले’वर आणायला आम्हाला इतक्यांदा लावलं की आता झोपेतही हात तिकडे जातो. तिसरी, रोजच्या बजेटची. दिवसाला ५०० ठरवले तरी एखाद्या दिवशी १,००० पर्यंत जाऊ शकतात, फक्त महिन्याला ३०.४ पटीच्या, म्हणजे १५,२०० च्या वर जात नाहीत. हे एका रविवारी जेवणाआधी दोन मिनिटांत सांगितलं होतं. पहिल्याच गिऱ्हाइकाचा रात्री दहाला फोन आला, ‘ताई, आज ९८० गेले!’ तेव्हा त्या दोन मिनिटांनी माझी अब्रू वाचवली.

दोन स्टार इथेच दिले.

आता नोट्स. स्पायरल बाइंडिंग, रंगीत कव्हर, आणि कव्हरवर ‘गूगल अॅडवर्ड्स’. हे नाव जाऊन गूगल अॅड्स झालं जुलै २०१८ मध्ये. म्हटलं, कव्हर जुनं असेल. आत उघडलं तर शब्दांपुढे अधिकचं चिन्ह लावून जो ब्रॉड मॅच (म्हणजे मिळत्याजुळत्या शोधांनाही जाहिरात दाखवणं) करायचे त्यावर सहा पानं, आणि ती पद्धत २०२१ मध्येच बंद झालेली. एक्स्पांडेड टेक्स्ट अॅड, म्हणजे जुन्या साच्यातली मजकुराची जाहिरात, कशी लिहायची याचा अख्खा धडा, आणि ३० जून २०२२ नंतर तशी जाहिरात नव्याने करताच येत नाही. कहर म्हणजे युनिव्हर्सल अॅनालिटिक्सचे, म्हणजे वेबसाइटवर येणारे लोक मोजायच्या गूगलच्या जुन्या साधनाचे, स्क्रीनशॉट. ते १ जुलै २०२३ ला थांबलं, आम्ही बसलो होतो ऑगस्टमध्ये. सरांना विचारलं तर बिचारे म्हणाले, ‘मॅडम, नोट्स मी बनवत नाही.’ ते स्वतः सगळं नवं दाखवत होते, पण घरी जाऊन उजळणी करायची कशावरून? वर्तमानपत्रात शिळी जाहिरात छापली तर दुसऱ्या दिवशी काउंटरवर माणूस यायचा भांडायला.

‘लाइव्ह प्रोजेक्ट’ असा शब्द माहितीपत्रकात होता. प्रत्यक्षात एकच खातं, प्रोजेक्टरवर, आणि आम्ही बावीस जण बघणारे. माउस माझ्या हातात चार महिन्यांत दोनदा आला. पोहणं काठावरून शिकवलं म्हणायचं. फीमध्ये ‘सर्टिफिकेशन’ धरलेलं होतं. गूगल अॅड्सची ती परीक्षा गूगलच्याच स्किलशॉप या शिकवणीच्या साइटवर कुणालाही फुकट देता येते, ८० टक्के पडले की सर्टिफिकेट, वर्षभर चालतं, मग पुन्हा द्यायची. मी घरी बसून दिली. आणि ‘१०० टक्के प्लेसमेंट’? मला नोकरी नको होती, त्यामुळे माझी तक्रार नाही. पण बॅचमधल्या एका मुलीला जो कॉल आला तो याच क्लासच्या टेलीकॉलरच्या जागेसाठी होता. प्लेसमेंट झाली असंच म्हणायचं.

खरी खंत वेगळीच आहे, आणि ती नोट्सपेक्षा मोठी. या धंद्यातलं माझं निम्मं काम सर्च टर्म्स रिपोर्ट वाचण्याचं. आपण कीवर्ड, म्हणजे ज्या शोधाला जाहिरात दिसावी तो शब्द, काय टाकला ते एक, आणि लोकांनी खरोखर काय लिहून शोधलं ते दुसरं. तो रिपोर्ट हे दुसरं दाखवतो. चार महिन्यांत तो एकदा उघडला गेला, पंधरा मिनिटं. उदाहरणं सगळी इंग्रजी, मुंबई-बंगळूरची. मी विचारलं, मराठीत कसं करायचं? सर हसले, ‘मराठीत कोण सर्च करतं, मॅडम?’

करतात हो. गूगलने २०१७ च्या ऑगस्टमध्ये मराठीत बोलून लिहायची सोय दिली, तेव्हापासून तर ज्याला टाइप करायचा कंटाळा तोही विचारतो. माझं एक गिऱ्हाईक पेस्ट कंट्रोलवाले, मिरजेचे. त्यांच्या रिपोर्टमध्ये ‘टर्माइट ट्रीटमेंट’ शोधणारे होतेच, पण त्यांच्या शेजारी काय काय होतं! ‘दारातून भुसा पडतोय’. ‘चौकट आतून पोकळ झाली’. ‘भिंतीवर मातीची रेघ’. या माणसांना वाळवी हा शब्दसुद्धा अजून सुचलेला नाही, त्यांनी फक्त भुसा पाहिलाय. आणि भुसा पाहिलेला माणूस फोन करतो. मी ‘दारातून भुसा पडतोय?’ हीच हेडलाइन केली. सोबत रोमन लिपीत मराठी लिहिणारे वेगळे, त्यांची यादी वेगळी.

अर्थात मीही आपटले. सुरुवातीला उत्साहात ‘वाळवी’ हा एकच शब्द ब्रॉड मॅचवर टाकला. चार दिवसांनी रिपोर्ट उघडला तर लोक ‘वाळवी पूर्ण पिक्चर’ शोधत होते. जानेवारी २०२३ मध्ये त्याच नावाचा मराठी सिनेमा येऊन गेला होता, आणि सिनेमा शोधणाऱ्यांनी माझ्या किडेमारू जाहिरातीवर ११ क्लिक केले. २२ रुपयांप्रमाणे २४२ रुपये. रक्कम लहान, पण लाज मोठी. ते मी माझ्या बिलातून वळते केले. मग निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांना जाहिरात दाखवायची नाही ते, घातले : पिक्चर, सिनेमा, मूव्ही, डाउनलोड. प्रत्येक शब्द वेगळा, आणि देवनागरी-रोमन दोन्हींत, कारण निगेटिव्हला समानार्थी शब्द आपोआप कळत नाहीत. हे क्लासमध्ये सांगायला किती वेळ लागला असता?

तसंच हेडलाइनचं. मर्यादा ३० अक्षरांची, हे शिकवलं. मराठीत ती ३० कशी मोजतात, हे नाही. ‘सांगलीत पाण्याची टाकी स्वच्छता’ लिहून बघा. डोळ्यांना १२ अक्षरं दिसतात. पण काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला पाय मोडलेला हलन्त, मधल्या तीन मोकळ्या जागा, सगळं सुटं मोजलं जातं आणि बरोब्बर ३० भरतात. एक अनुस्वारसुद्धा जास्त मावत नाही. ‘स्वच्छता’ एकट्यानेच ८ खातो, ‘धुणे’ चारात भागतं. शिवाय लोक ‘टाकी धुणे’च लिहितात. आमच्या काउंटरवर शब्दाला पैसे होते, त्यामुळे अण्णा गिऱ्हाइकाचे चाळीस शब्द कापून पंधरावर आणायचे. तीच कात्री मी आज वापरते, फक्त शब्दांऐवजी मात्रांवर.

आणि एक गोष्ट क्लासमध्ये कुणीच, कधीच विचारली नाही. अण्णा मात्र पावती फाडण्याआधी प्रत्येकाला विचारायचे : ‘फोन कोण उचलणार?’ दुकानात कुणी नसेल तर जाहिरात रविवारी घेऊ नका म्हणायचे, स्वतःचं नुकसान करून.

टाकी धुणाऱ्यांचं काम घेतलं तेव्हा क्लिक झकास येत होते, पण ते म्हणायचे, ‘ताई, काम काय मिळेना.’ मी क्लासमध्ये शिकल्याप्रमाणे पान बदललं, बोली बदलली, हेडलाइन बदलली. काही नाही. शेवटी त्यांचा मोबाइल मागून घेतला आणि अनोळखी नंबर मोजले. आठवड्यात १४ कॉल, त्यातले ९ मिस्ड. सगळे सकाळी दहा ते चारच्या मधले. का, तर मालक टाकीत आणि फोन बाहेर! मग त्यांच्या मिसेसना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मी उचलीन की, मला कुणी सांगितलंच नाही.’ त्यांचा नंबर टाकला, जाहिरातीचे तास त्यांच्या सवडीने लावले. बजेट एक रुपयाने वाढवलं नाही आणि पुढच्या आठवड्यापासून कामं सुरू झाली. आता दिवाळीआधी त्याच म्हणतात, ‘थोडी बंद करा, पोरं दमली.’

मग क्लास लावावा का? ज्याने कधीच खातं उघडलेलं नाही आणि एकट्याने बसून शिकायचा ज्याला धीर नाही, त्याने लावावा, पण आधी नोट्सचं कव्हर बघून घ्यावं आणि माउस कुणाच्या हातात असणार ते विचारावं. पैसे भरायचं गणितही स्वतःच शिकून घ्यावं. गूगलला आगाऊ १०,००० भरले की त्यातून जीएसटी जाऊन ८,४७४ च्या आसपास खात्यात पडतात, आणि बाकीचे कुठे गेले हे गिऱ्हाइकाला तुम्हालाच समजावायचं असतं. स्वतःचा धंदा असलेल्याने ५३,१०० मधले १०,००० जाहिरातीवर घालून रोज सर्च टर्म्स वाचावेत; माझ्या मते जास्त कळेल. तिसरा स्टार सरांना आहे, क्लासला नाही. ते आता तिथे नाहीत असं ऐकते.

हे लिहायला घेतलं तेव्हा क्लासच्या सध्याच्या जाहिराती बघाव्यात म्हणून गूगलचं अॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर उघडलं. तिथे कुणाच्याही जाहिराती पाहता येतात, पैसे पडत नाहीत. ‘शेवटच्या ५ जागा!’ हीच ओळ, आमच्या वेळी होती तीच. जाहिरातीवर क्लिक करून त्यांचा खर्च कशाला वाढवायचा, म्हणून नंबर सरळ हाताने टाइप केला आणि रविवारी सकाळी अकराला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. बुधवारी दुपारी तिकडून कॉल आला. ‘नमस्कार मॅडम, आपण डिजिटल मार्केटिंगसाठी चौकशी केली होती ना? आपलं शिक्षण काय झालंय?’