वेळागरच्या किनाऱ्यावर चार दिवस: सर्फ लाइफसेव्हिंग खेळांचं प्रशिक्षक-पंच शिबिर

मी हायस्कूलला खेळ शिकवते आणि सतरा वर्षं कबड्डीची पंच आहे. शिरोड्याजवळ वेळागरला सर्फ लाइफसेव्हिंग खेळांचे स्वयंसेवक प्रशिक्षक आणि पंच घडवण्याचं चार दिवसांचं शिबिर आहे असं कळलं, तेव्हा दीड हजार रुपये भरून नाव घातलं. आम्ही चोवीस जण होतो. निम्मे शिक्षक, बाकी वॉटर स्पोर्ट्सवर काम करणारी मुलं आणि पाच-सहा रापणकर, म्हणजे काठावरून जाळं ओढून मासेमारी करणारे. पुढच्या तुकडीत जावं का असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

हे खेळ जीवरक्षकांच्या सरावातून आलेत. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या किनाऱ्यांवर 1907 पासून जीवरक्षक क्लबांची संघटना आहे, तिथून ते जगभर गेले. वाळूवरची नव्वद मीटरची धाव, फळीवरून वल्हवायची शर्यत, आणि ट्यूब रेस्क्यू: एक जण बोयापर्यंत पोहत जाऊन हात वर करतो, मग दुसरा पायात फिन (पोहायचे रबरी पंजे) घालून, तरंगती ट्यूब मागे ओढत त्याला आणायला जातो. काठावर आणखी दोघं त्याला उचलून वाळूवर घ्यायला उभे असतात. जिंकायला जे करायचं तेच कुणाला वाचवायलाही करायचं असतं. मला हा खेळ पटला तो याच कारणाने.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बीच फ्लॅग्जनी. स्पर्धक वाळूवर पालथे झोपतात, पायाची बोटं रेषेवर, तोंड उलट दिशेला, हातावर हात. पाठीमागे वीस मीटरवर रबरी पाइपाचे तुकडे वाळूत उभे रोवलेले असतात, स्पर्धकांपेक्षा एक कमी. 'हेड्स डाउन' म्हटलं की हनुवटी हातावर टेकायची, मग शिट्टी झाली की उठून, वळून तुकडा पकडायला धावायचं. दुसऱ्या दिवशी शिट्टी माझ्याकडे होती. कबड्डीत माझी नजर रेषेवर आणि हाताच्या स्पर्शावर असते. इथे मला सगळं सुटायच्या आधी बघायचं होतं. तिसऱ्या जागेवरचा मुलगा पायाची बोटं हळूच वाळूत रुतवत होता, तेवढीच हालचाल. मी ती पाहिली आणि तरी शिट्टी दिली. शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना उठवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दिसलं होतं ना? मग शिट्टी का दिलीत?" पुढची सुरुवात मी तीनदा थांबवली, आणि त्यांनी मान डोलावली.

तिसरा दिवस मात्र कायम लक्षात राहील. समुद्रातल्या शर्यतीआधी प्रत्येकाचा नंबर वाचून पाण्यात सोडायचं आणि बाहेर आल्यावर पुन्हा वाचून घ्यायचं, हे पंचाचं पहिलं काम. अकरा आत गेले, दहा बाहेर आले. प्रमुख प्रशिक्षकांनी तिथल्या तिथे सगळं बंद केलं. फळीवाले दोघं पुन्हा पाण्यात गेले, आम्ही काठाने धावलो. सात-आठ मिनिटांनी तो मुलगा बऱ्याच लांब सुरूच्या बनाखाली बसलेला सापडला. पाण्याच्या ओढीने बाजूला गेला, तिथेच बाहेर पडला, आणि दमला म्हणून टेकला होता. त्याला कुणी रागावलं नाही. आम्हाला मात्र विचारलं गेलं, "दहा मोजल्यावर तुमच्यापैकी कितीजणांनी निकालाच्या कागदाकडे बघितलं?" मी बघितलं होतं. 2017 च्या एप्रिलमध्ये मालवणला वायरीच्या समुद्रात बेळगावच्या कॉलेजचे आठ जण बुडून गेले, ते मला त्या क्षणी आठवलं आणि पाय गळाले.

पाणी वाचायचा तासही उत्तम झाला. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्ये एक शांत, गडद गल्ली दिसते. पर्यटक नेमके तिथेच उतरतात, कारण ती जागा निवांत वाटते. पाणी परत समुद्रात जातं ते त्याच वाटेने. अडकलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला निघा. सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवणं, प्रत्येकाकडून घाम फुटेपर्यंत करून घेतला: तीस दाब, दोन श्वास.

आता खटकलेलं. वेळापत्रक खोलीत बसून केलेलं होतं. बीच फ्लॅग्ज ठेवलेले चतुर्दशीला सकाळी साडेदहाला. आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चौदाची पाऊणपट साडेदहा, त्यात पौर्णिमेचं उधाण. आदल्या संध्याकाळी एका रापणकर काकांनी काठीने वाळूत रेघ मारून सांगितलं, "उद्या धा-साडेधाक पाणी हयसर येतला." कुणी मनावर घेतलं नाही. सकाळी आखलेल्या जागेत पाणी शिरलं आणि दोन तास वाया गेले.

याच काकांना लेखी परीक्षेत नापास केलं. नियमपुस्तिका इंग्रजी, प्रश्नपत्रिका इंग्रजी. पाण्याकडे बघून ओढ कुठे आहे ते सांगणारा त्यांच्याइतका जाणता माणूस त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. मी आयोजकांना तोंडावर सांगितलं आणि इथेही लिहिते: पुस्तिका मराठीत करा, आणि तोंडी परीक्षा घ्या. भाषांतराला मी विनामोबदला बसते. बायकांना कपडे बदलायला नुसती ताडपत्री बांधली होती. वाऱ्यावर ती उडायची, एकीला धरून उभं राहावं लागायचं. पंचांमध्ये बायका हव्यात तर चार भिंती द्या. जेवण चांगलं होतं, तारल्यांचं तिखलं आणि सोलकढी पोटभर.

तरीही जा. दीड हजारात असं शिकवणं मी आजवर कुठल्याच पंच-शिबिरात पाहिलेलं नाही. फक्त नाव घालण्याआधी तारखांची तिथी विचारून घ्या.

शाळेच्या बागेतल्या जुन्या पाइपाचे तीस-तीस सेंटिमीटरचे नऊ तुकडे मी कापलेत. शनिवारी पंचमी आहे, भरती पावणेचारला. म्हणजे सकाळी आठला वाळू मोकळी मिळेल. दहा मुलं येतायत, आणि काकांनाही बोलावलंय, नंबर वाचायला.