टोकियोत मुक्काम: उंच टॉवर की होशिनोया?

लेक टोकियोत निशिकासाईला राहते. घर दोन खोल्यांचं, त्यात जावई, नातू आणि नातवाची जमिनीवर पसरलेली आगगाडी. आम्ही दोघं जायचं ठरलं तेव्हा तिनं फोनवरच सांगितलं, "आई, साठीची भेट म्हणून एक रात्र टॉवरमधल्या मोठ्या हॉटेलात आणि एक रात्र र्योकानमध्ये, म्हणजे जपानी पद्धतीच्या पारंपरिक सराईत. आवडेल ते सांग, बाबांच्या पंचाहत्तरीला तिथेच जाऊ." म्हणजे परीक्षणाचं हे काम मला रीतसर नेमून दिलेलं आहे.

दापोलीजवळ मुरूडला आम्ही पर्यटकांना खोल्या देतो. त्यामुळे परक्या खोलीत पाऊल टाकलं की माझी नजर आधी चादरीच्या कडांवर आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यांत जाते. दोन्हीकडे खोट सापडली नाही, एवढं आधीच सांगून मोकळी होते.

टॉवर शिंजुकूतला, खोली चाळीस मजल्यांच्या वर. नाव घेत नाही, कारण माझी तक्रार अशा कुठल्याही उंच हॉटेलला लागू पडेल. भिंतभर काच. हवा स्वच्छ असेल तर तिथून फुजी पर्वत दिसतो म्हणे. पण आम्ही गेलो जूनमध्ये, कारण आमचा धंदा पाऊस पडला की थंडावतो. टोकियोतही जून-जुलै पावसाचेच. काचेपलीकडे नुसता पांढरा ढग, आणि ढगाचे पैसे फुजीच्याच दरानं. खिडकी उघडत नाही. पाऊस पडताना दिसतो, ऐकू येत नाही. पत्र्यावर, कौलांवर, झापांवर पाऊस ऐकत वाढलेल्या माणसाला हे फार चमत्कारिक वाटतं. गादी उत्तम, नोकरचाकर अतिशय नम्र, न्याहारीला पाव-सॉसेज-अंडी. ती मुंबईतल्या मोठ्या हॉटेलातही मिळते. पुढे लिहिण्यासारखं काही नाही.

आमचं र्योकान म्हणजे होशिनोया टोकियो. ते आहे ओतेमाचीत, बँकांच्या आणि कचेऱ्यांच्या गर्दीत. २०१६ साली सुरू झालं. उंचीचं म्हणाल तर हीसुद्धा सतरा मजल्यांची इमारत, जुन्या र्योकानसारखं बैठं लाकडी घर नव्हे. फरक दारापासून सुरू होतो. जाड लाकडाचं मोठं दार सरकतं, आत गेलं की चपला काढायच्या. भिंतभर लाकडी खण आहेत, त्यातल्या एकात तुमच्या चपला ठेवतात, आणि निघेपर्यंत आत कुठेही पायताण नाही. कॉरिडॉरमध्ये तातामी, लिफ्टमध्येसुद्धा तातामी! लव्हाळ्यासारख्या गवताची ती चटई अनवाणी पायाला इतकी बरी लागते की मी उगाचच दोनदा लिफ्टनं खालीवर केलं. आमच्याकडे वाळूचे बूट घालून थेट पलंगापर्यंत येणाऱ्या पाहुण्यांची आठवण येऊन त्या खणांचे फोटो काढून आणलेत.

एकूण ८४ खोल्या, मजल्याला फक्त सहा, आणि प्रत्येक मजल्यावर चहाची एक सामाईक बैठक. तिथे जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, कंटाळा आला की उठायचं. कुणी येऊन 'आणखी काही हवं का' विचारत नाही, तरी कप रिकामा राहत नाही. हे कसं जमवतात ते मी बराच वेळ निरखत होते. मला तरी अजून जमलेलं नाही.

आता खरी गोष्ट, न्हाणी. सतराव्या मजल्यावर गरम झऱ्याचं कुंड आहे आणि पाणी येतं इमारतीखालून, १५०० मीटर खोल बोअरमधून. आमच्याकडच्या उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यांवर मी लहानपणापासून गेलेय, तिथल्या पाण्याला गंधकाचा वास. हे पाणी चक्क खारट! बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं. आधी छोट्या स्टुलावर बसून अंग साबणानं धुवायचं आणि मगच पाण्यात उतरायचं. अंगावर कपडा चालत नाही. पहिली पाच मिनिटं लाज वाटते. नंतर लक्षात येतं की कुणाचंच आपल्याकडे लक्ष नाही. आतल्या कुंडातून पुढे गेलं की उघडं कुंड: चारी बाजूंनी उंच भिंती आणि वर फक्त आकाश. डोक्यावर पाऊस, गळ्यापर्यंत कढत पाणी. टॉवरच्या काचेनं जे दिलं नाही ते इथे मिळालं, तेही शहर अजिबात न दिसता. समुद्र तर मला घरच्या पडवीतूनही दिसतो, त्यामुळे देखाव्याचं अप्रूप मला मुळातच कमी, हेही कबूल.

न्याहारी खोलीत येते: भात, भाजलेला मासा, मिसो सूप, लोणची. नेमका सोमवार होता, आणि ह्यांचा सोमवार कडक. सूपच्या पाण्यातसुद्धा सुक्या माशाचा अर्क असतो, म्हणजे तेही बाद. ह्यांनी भात-लोणच्यावर भागवलं, त्यांच्या वाटचा मासा मी संपवला. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच 'माशाचा अर्कही नको' असं स्पष्ट कळवा.

पैशांचं बोलू. पारंपरिक र्योकानात दर माणशी असतो आणि त्यात रात्रीचं जेवण व न्याहारी धरलेली असते. इथे दर खोलीचा, लाखभर येनच्या वर, म्हणजे साठेक हजार रुपये, आणि जेवण निराळं. आकडा ऐकून ह्यांना ठसका लागला. टॉवरही काही स्वस्त नव्हता.

गुडघे धरलेले असतील तर मात्र विचार करा. बिछाना जमिनीलगत आहे, बसायच्या खुर्च्याही बुटक्या, आणि सकाळी उठताना ह्यांना माझा हात लागला. पंचाहत्तरीपर्यंत ते गुडघे काय म्हणतात ते बघू, पण लेकीला मी होशिनोयाच सांगितलंय, आणि महिना जूनच. फक्त खोली दुपारी तीनला मिळते, तर तीनलाच दारात हजर राहायचं. रात्री दहाला पोचून सकाळी आठला निघणार असाल, तर टॉवर घ्या, नाहीतर सरळ स्टेशनजवळचं साधं हॉटेल.