योगाभ्यासात सुगंध : डिफ्यूझर घ्यावा की रुमालावरचा थेंब पुरे?

योगाभ्यासाला सुगंधी तेलांची जोड द्यायची असे ठरल्यावर बहुतेक जण तेल कोणते घ्यावे याच विचारात अडकतात. माझ्या मते त्याआधी ते तेल नाकापर्यंत कसे पोहोचवायचे हे ठरवावे, कारण अभ्यासावर बरा-वाईट परिणाम होतो तो मुख्यतः त्यामुळेच. घरी अभ्यास करणाऱ्यासमोर दोन सोयीचे मार्ग असतात. एक म्हणजे पाण्याच्या तुषारांतून वास पसरवणारा अल्ट्रासॉनिक डिफ्यूझर, आणि दुसरा म्हणजे सुती रुमालावर टाकलेला एखादा थेंब. मी दोन्ही वापरून पाहिले आहेत. उदबत्ती आणि धूप यांचा विचार मी येथे करत नाही. बंद खोलीत धूर आणि दीर्घ श्वसन यांचे जमत नाही, एवढे कारण मला पुरेसे वाटते. मनगटाला किंवा मानेला तेल लावण्याचा तिसरा मार्ग आहे, पण तेथे दहा मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन ते चार थेंब, म्हणजे एक ते दोन टक्के, एवढी सौम्यता पाळावी लागते, आणि घाम आल्यावर त्या जागी काही जणांना चुरचुरते.

प्रथम डिफ्यूझरविषयी, कारण त्याच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. खोलीत पाऊल टाकताच वातावरण बदललेले जाणवते, आणि रोज ठरावीक वेळी तोच वास आला की मन अभ्यासाकडे वळते, हा माझा अनुभव आहे. संध्याकाळच्या योगनिद्रेसाठी, जेथे शरीर बराच वेळ स्थिर असते आणि श्वास संथ असतो, तेथे लव्हेंडरचे दोन-तीन थेंब टाकलेला डिफ्यूझर फार चांगला वाटतो. परंपरेचा आधार हवा असेल तर तोही आहे. योगतत्त्वोपनिषदात साधनेची मठी रोज झाडलेली, सुगंधाने दरवळणारी आणि गुग्गुळादी द्रव्यांनी धुपवलेली असावी, असे वर्णन येते. जागा सुवासिक असावी ही कल्पना, म्हणजे, आजची नाही. सुगंधी तेलांच्या अशा वापराला अरोमाथेरपी हे नाव मात्र फ्रेंच रसायनतज्ज्ञ गातफोसे यांनी 1937 साली रूढ केले.

देखभालीचा त्रास आहे, पण तो कोणत्याही यंत्राइतकाच आहे. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी वापरले तर तुषार उडवणाऱ्या तबकडीवर पांढरा थर बसतो आणि तोच थर बारीक पुडीसारखा जवळच्या फर्निचरवरही दिसू लागतो. संत्रे आणि लिंबू यांची तेले प्लास्टिकच्या भांड्याला सोसत नाहीत. आठवड्यातून एकदोनदा भांडे पुसले नाही तर कालचे तेल आजच्या तेलात मिसळते. नियमित वागणाऱ्या माणसाला हे सारे जमण्यासारखे आहे, आणि केवळ एवढ्यासाठी मी डिफ्यूझर सोडला नसता.

माझ्यापुरता निर्णय झाला तो एका वेगळ्याच अडचणीमुळे. ती म्हणजे डिफ्यूझरचा वास हवा तेव्हा थांबवता येत नाही. बटण बंद केले की तुषार थांबतात; पण तोवर पसरलेले तेल पडद्यावर, सतरंजीवर आणि हवेत राहिलेले असते. सामान्य बैठकीच्या खोलीत याने काही बिघडत नाही. योगाभ्यासात बिघडते, कारण अभ्यासाच्या ओघात श्वासाचे प्रमाण सतत बदलत असते. ताडासनात किंवा पश्चिमोत्तानासनात आपण शांतपणे श्वास घेतो, तेव्हा खोलीतला निलगिरीचा वास प्रसन्न वाटतो. त्यानंतर भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोराने श्वास घेण्या-सोडण्याचा प्राणायाम, सुरू केली की दर मिनिटाला नाकावाटे जाणारी हवा कितीतरी पटींनी वाढते. खोलीतला वास तेवढाच असतो, पण आपल्या आत जाणारे तेल मात्र वाढलेले असते. माझ्या घशात अशा वेळी खवखव होऊ लागे, दोन आवर्तनांनंतर खोकल्याची उबळ येई आणि पुढच्या अनुलोम-विलोमात लक्ष श्वासाऐवजी घशाकडे जाई. जलनेती, म्हणजे नाकातून पाणी सोडून ते धुण्याची क्रिया, करून बसणाऱ्यांना हे अधिक जाणवेल, असे मला वाटते. नेतीनंतर नाक मोकळे असते आणि कोणताही वास तीव्र लागतो.

यावर उपाय म्हणून खिडकी उघडावी म्हटले, तर सकाळी रस्त्यावरचा धूर आणि हॉर्न आत येतात. पंखा लावला तर तुषार एका कोपऱ्यात ढकलले जातात आणि तरीही वास जात नाही. आसने आणि प्राणायाम वेगवेगळ्या खोल्यांत करण्याची सोय ज्यांच्याकडे आहे त्यांना ही अडचण येणार नाही, पण आपल्याकडच्या सदनिकांत बहुधा एकच कोपरा मोकळा असतो आणि तेथेच सारे करावे लागते.

याच्या जोडीला नाकाची एक सवय लक्षात घ्यावी लागते. सतत येणारा वास काही मिनिटांतच जाणवेनासा होतो. डिफ्यूझर चालूच असतो, तेल हवेत मिसळत असते, पण आपल्याला वाटते की वास संपला, आणि मग आणखी थेंब टाकावेसे वाटतात. बाहेरून आलेला माणूस दारातच नाक मुरडतो आणि आपल्याला त्याचे नवल वाटते. सामूहिक वर्गात तर हा प्रश्न अधिक अवघड होतो. एकाला आवडणारा वास दुसऱ्याच्या अर्धशिशीला निमित्त होऊ शकतो, आणि दम्याच्या रुग्णाला उठून जाण्यावाचून पर्याय उरत नाही. शिक्षकाने विचारले तरी संकोचापोटी कोणी बोलत नाही, हेही मी पाहिले आहे.

रुमालाची रीत अगदी साधी आहे. धुवून मऊ झालेला, शक्यतो पांढरा सुती रुमाल घ्यावा, त्याच्या एका कोपऱ्यावर थेंब टाकावा, तो कोपरा आत येईल अशी चार पदरी घडी घालावी आणि मॅटच्या डोक्याकडच्या बाजूला, मॅटवर नव्हे तर जमिनीवर ठेवावी. मॅटला तेल लागू देऊ नये. रबराच्या मॅटचा पृष्ठभाग तेलाने खराब होतो आणि हात सरकू लागतो. मकरासनात किंवा बालासनात डोके खाली आले की वास येतो, उभ्या आसनांत तो जवळजवळ जाणवत नाही. येतो-जातो म्हणूनच नाकाला त्याची सवय होऊन बसत नाही. प्राणायामाला बसण्याआधी रुमाल काचेच्या बरणीत टाकून झाकण लावावे. खोलीतला वास लगेच ओसरतो. शवासनाच्या वेळी तोच रुमाल काढून छातीवर किंवा खांद्याजवळ ठेवावा. जवस भरलेली डोळ्यांवरची उशी वापरणाऱ्यांनी थेंब उशीवर टाकू नये, रुमालच बाजूला ठेवावा. तेल डोळ्यांपासून दूर राहिलेले बरे.

कापडाच्या उणिवाही सांगायला हव्यात. खोलीत शिरताच मन बदलून टाकणारा तो पहिला अनुभव रुमाल देत नाही. चंदन आणि वाळ्यासारखी जड तेले कापडावर बराच काळ टिकतात, पण लिंबू-संत्र्याची हलकी तेले सूर्यनमस्कार संपायच्या आतच उडून जातात. वाळ्याच्या तेलाचा पिवळट तपकिरी डाग धुतल्यावरही पूर्ण जात नाही, म्हणून एकदोन रुमाल त्याच कामासाठी वेगळे ठेवावे लागतात. हे तेल इतके घट्ट असते की थंडीच्या दिवसांत बाटली उलटी धरली तरी थेंब तोंडाशीच थबकून राहतो. बाटली क्षणभर तळहातात धरून ऊब दिली की उतरतो. एवढे करूनही रुमालावर मला वाळाच सर्वाधिक आवडतो. माठातल्या पाण्यात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला त्या वासाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही, आणि तो श्वासाच्या आड येत नाही.

पुदिना आणि निलगिरी यांच्याविषयी मी थोडा सावध आहे. पुदिन्यातल्या मेंथॉलमुळे नाकाला गारवा जाणवतो आणि श्वासाची वाट मोकळी झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात नाकातून जाणारी हवा त्यामुळे वाढलेली नसते. डाव्या-उजव्या नाकपुडीतला श्वास सूक्ष्मपणे पाहण्याचा ज्यांचा अभ्यास आहे, त्यांची यामुळे दिशाभूल होऊ शकते, निदान माझी तरी होई. शिवाय घरात तान्हे मूल असेल तर ही दोन्ही तेले त्याच्या आसपास नकोतच, आणि मांजर असेल तर टी-ट्रीचे तेल खोलीभर पसरवू नये, कारण मांजराचे यकृत अशी द्रव्ये नीट बाहेर टाकू शकत नाही. रुमाल बरणीत बंद करता येतो. डिफ्यूझरचा वास मात्र बंद दाराच्या फटीतूनही घरभर जातो.

एवढे सगळे असूनही काही जणांना मी डिफ्यूझरच सुचवीन. ज्यांचा अभ्यास प्रामुख्याने योगनिद्रा, ध्यान किंवा संथ आसनांचा आहे, ज्यांची खोली मोठी आणि हवेशीर आहे, आणि ज्यांच्या घरात लहान मूल, पाळीव प्राणी किंवा दमेकरी नाही, त्यांना तो समाधान देईल. त्यांनीही तो अभ्यासाआधी पंधरा-वीस मिनिटे चालवून बंद करावा. मठीच्या त्या जुन्या वर्णनाचाही मी असाच अर्थ घेतो, की खोली आधी सुवासिक करून ठेवायची आणि साधक नंतर बसायचा. ज्यांच्या अभ्यासात कपालभाती आणि भस्त्रिका रोज असतात, त्यांनी मात्र यंत्र घेण्यापूर्वी महिनाभर रुमालच वापरून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

वाचलेले पैसे चांगल्या तेलावर खर्च करावेत. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आहे का, काच गडद रंगाची आहे का, एवढे पाहावे. ज्या दुकानात गुलाब आणि लिंबू यांची तेले एकाच भावाने मिळतात तेथून घेऊ नयेत. एक किलो गुलाबतेलासाठी हजारो किलो पाकळ्या लागतात, तेव्हा तो भाव खऱ्या तेलाचा असू शकत नाही. लव्हेंडर आणि संत्र्याची तेले हवा लागून जुनी झाली की त्यांतली द्रव्ये त्वचेला त्रासदायक ठरतात, म्हणून बाटली पाच मिलिलिटरचीच घ्यावी, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि ती खिडकीतल्या उन्हापासून दूर कपाटात ठेवावी.