विज्ञान प्रदर्शनासाठी मॉडेल: आल्विन की मत्स्य ६०००?

गेल्या रविवारी ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने २.१ मीटर व्यासाचं वर्तुळ काढलं आणि नववीतली तीन मुलं त्यात बसवली. पाच मिनिटांत गुडघ्याला गुडघा लागून कुरबूर सुरू झाली. मत्स्य ६००० या पाणबुडीच्या गोलाचा व्यास एवढाच. यंत्रंही त्यातच, आणि तिघांनी बारा तास काढायचे.

भाचीचा हट्ट होता, "मावशी, आपली मत्स्यच करू." तुमच्या घरीही हाच पेच असेल, तर आधी मूल परीक्षकांना काय सांगणार आहे ते ठरवा.

यंत्र कसं तगतं हे सांगायचं असेल तर मत्स्य घ्या. ६००० मीटरवर दाब इथल्या सुमारे ६०० पट. तो चहूबाजूंनी सारखा वाटला जावा म्हणून माणसं बसतात तो भाग गोल, आणि टायटॅनियमची भिंत ८० मिलिमीटर जाड. गोल अर्धा कापून दाखवला की मुद्दा लगेच समजतो. अडचण आली तर ९६ तास पुरेल एवढी प्राणवायूची सोय. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं हे काम. २०२५च्या सुरुवातीला कट्टुपल्ली बंदरात चाचण्या झाल्या, पण त्या उथळ पाण्यात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन भारतीय अटलांटिकमध्ये ४०२५ आणि ५००२ मीटर खोल जाऊन आले, तेही फ्रान्सच्या नॉटील पाणबुडीतून. त्यामुळे "मत्स्यला काय सापडलं?" असं कुणी विचारलं, तर मुलाने सरळ सांगावं की तिची खोल बुडी अजून व्हायची आहे. त्यात कमीपणा काही नाही.

शोधांची गोष्ट सांगायची असेल तर मात्र आल्विनला तोड नाही. १९६४पासून अमेरिकेच्या वुड्स होल संस्थेकडे असलेली ही पाणबुडी १९७७मध्ये गॅलापागोसजवळ सुमारे २५०० मीटर खोल उतरली. तिथे, सूर्याचा किरणही पोचत नाही अशा जागी, समुद्रतळातून झिरपणाऱ्या गरम पाण्याभोवती जीवसृष्टी भरलेली होती. जिवाणू हायड्रोजन सल्फाइडवर जगतात आणि तोंड-पोट नसलेले लांबलचक नळकृमी त्या जिवाणूंच्या जिवावर. अन्नसाखळी सूर्यापासून सुरू होते, हे आपण शाळेत घोकलेलं वाक्य तिथे अपुरं पडलं. दोन वर्षांनी पूर्व पॅसिफिकमध्ये काळा धूर ओकणारी धुराडी सापडली. त्यात घातलेल्या तापमापकाचा प्लास्टिकचा भागच वितळला, कारण पाणी सुमारे ३५० अंश सेल्सिअस होतं. एवढं तापूनही ते उकळत का नाही? परीक्षक हे विचारणारच. उत्तर पुन्हा दाबातच आहे.

माझं मत आल्विनला. मत्स्य आपली आहे आणि तिची मला मनापासून ओढ आहे, पण नववीच्या मुलाला पाच मिनिटं तल्लीन होऊन बोलायला आल्विनकडे जास्त काही आहे. भाचीलाही ते पटलं. नळकृमींना पांढऱ्या स्ट्रॉ आणि टोकांना लाल लोकर लावून झाली आहे. धुराड्यांचा कागदी लगदा अजून गच्चीत वाळतोय.