वाळूच्या पेटीतला हिमालय

खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेसाठी बेळगावच्या एका दुकानातून १,८५० रुपयांना ही पारदर्शक पेटी घेतली. दांडा फिरवला की आतली फळी पुढे सरकते, रंगीत वाळूच्या थरांना घड्या पडून डोंगर उभा राहतो आणि वरून झारीने पाणी शिंपडले की त्याच डोंगराची झीज होऊन शेजारचा खोलगट भाग भरू लागतो. जाडी खडी पायथ्याशीच थांबते, बारीक गाळ मात्र पार पलीकडच्या काचेपर्यंत जातो. पावसाळ्यात तांबडी झालेली मलप्रभा रोज पाहणाऱ्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

खरी उणीव तळात आहे. हिमालयाच्या भाराने भारतीय भूपट्ट, म्हणजे भारत ज्यावर आहे तो पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, वाकला, त्यातून पायथ्याशी लांबट खोलगा तयार झाला आणि गंगेच्या मैदानाचा गाळ त्यातच साचला. म्हणून तो डोंगरालगत काही किलोमीटर जाड असून दक्षिणेकडे पातळ होत जातो. पेटीचा तळ ताठ असल्याने ही वाकण्याची क्रिया दिसत नाही आणि खोलगा आधीपासूनच होता, असा मुलांचा गैरसमज होतो. आम्ही तळाशी स्पंजची लादी घालून पाहिले, तेव्हा थोडेफार जमले.

दुसऱ्याच आठवड्यात कोपऱ्यातून पाणी झिरपू लागले. दुकानदाराने पेटी बदलून देण्यास नकार दिला. शेवटी सिलिकॉन आम्हीच लावले. माहितीपत्रक केवळ इंग्रजीत आहे आणि सुमारे ३,००० किलोमीटर लांबीच्या बंगालच्या पंख्याचा, म्हणजे समुद्रतळावर पसरलेल्या हिमालयाच्याच गाळाचा, त्यात साधा उल्लेखही नाही.